चिमणीचं तोंड कुणीकडे?

मराठी विभागाच्या संपादिकेने "तुझ्या ब्रँचचं काहीतरी टेक्निकल लिही, पण मराठीत" असं फर्मान काढलं, तेव्हा मला घामच फुटला. शाळा कॉन्व्हेंट. मराठी निबंध शेवटचा लिहिला तो दहावीत, आणि तो परत आला तेव्हा निळ्या शाईपेक्षा लाल शाई जास्त होती. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात ही नम्र विनंती.

टर्बोचार्जर आणि हायब्रिड इंजिनवर मेकची मुलं दरवर्षी लिहितातच. मी लिहिणार आहे लहान मुलांच्या कार सीटवर. हसू नका! ह्या एका विषयात एफईचं अप्लाईड मेकॅनिक्स आहे, थोडं स्टॅटिस्टिक्स आहे आणि आमच्या घरातलं एक कडाक्याचं भांडणही आहे.

भांडणापासूनच सुरुवात करते. माझ्या मावसबहिणीला, म्हणजे ताईला, एक मुलगी आहे. घरात सगळे तिला चिमणी म्हणतात. दिवाळीला आम्ही सगळे पुण्याहून कोल्हापूरला आजीकडे जाणार होतो. चिमणी तेव्हा सोळा महिन्यांची, वजन साडेदहा किलो. तिची सीट जन्मापासून गाडीत मागच्या बाजूला, उलटी लावलेली, म्हणजे चिमणीचं तोंड मागच्या काचेकडे. जिजूंनी जाहीर केलं, "आता वर्षाची झाली ना, तिची सीट सुलटी करू. बिचारीला काही दिसत नाही, पाय दुमडून बसते." ताईला ते पटत नव्हतं पण तिला कारण सांगता येत नव्हतं. आजीचं फोनवरून तिसरंच. "कशाला हवी ती सीट? मांडीवर घे की पोरीला. तुम्ही चौघं भावंडं माझ्या मांडीवरच मोठी झालात." शिवाय 'उलटी सीट' हा शब्द ऐकल्यावर आजीला वेगळीच शंका आली. खंबाटकी घाटात पोरीला उलटी होणार म्हणून ती आधीच आल्याचा रस काढायला सांगत होती.

मी सीटवरचं लेबल वाचलं. उलटी लावायची तर ० ते १३ किलो. सुलटी लावायची तर ९ ते १८ किलो. म्हणजे साडेदहा किलोची चिमणी दोन्हीकडे पास! लेबल काही निकाल देत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण घरात इंजिनीअर (होऊ घातलेली) मी एकटीच.

आधी आजीचा मुद्दा घेऊ, कारण तो गणिताने लगेच सुटतो. गाडी ताशी ५० किलोमीटरने जात आहे, म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. समोर भिंत म्हणा किंवा उभा ट्रक म्हणा. गाडीचं नाक चेपलं जातं, समजा ०.६ मीटर. तेवढ्या अंतरात वेग १३.९ चा शून्य. व्ही स्क्वेअर बरोबर टू ए एस, जे आपण एफईला झोपेतसुद्धा लिहायचो. उत्तर येतं १६१ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे साधारण १६ जी. वेळ लागतो ०.०८६ सेकंद. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. आता चिमणी सोयीसाठी १० किलोची धरली, तर तिला धरून ठेवायला बल हवं सुमारे १६१० न्यूटन. म्हणजे १६४ किलो वजन.

जिजू जिमला जातात आणि ऐंशी किलो उचलल्याचं आम्हाला वर्षातून चार वेळा सांगतात. मी म्हटलं, जिजू, त्याच्या दुप्पट वजन, दोन हातांवर, एकही सेकंद आधी न सांगता. पेलाल? मांडीवरची मुलगी हातातून सुटतेच. आणि धरणाऱ्याने स्वतः बेल्ट लावलेला नसेल तर त्याहून वाईट, कारण मग पुढची सीट आणि मागून येणारं मोठ्या माणसाचं वजन यांच्या मधे मूल सापडतं. आजीला मी हे इतक्या तपशिलात सांगितलं नाही. "आजी, पोलीस दंड करतात" एवढंच सांगितलं, आणि ते खोटंही नाही. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम १९४ बी आलं. चौदा वर्षांखालचं मूल सीट बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर हजार रुपये दंड.

मांडी बाद. आता खरा प्रश्न, उलटी की सुलटी?

इथे फ्री बॉडी डायग्रॅम काढायला लागतो, तोही फक्त डोक्याचा. सुलट्या सीटमध्ये मूल पाच पट्ट्यांनी बांधलेलं असतं. दोन खांद्यावरून, दोन कमरेवरून, एक पायांच्या मधून. समोरून धडक झाली की पट्ट्या खांदे आणि कंबर अडवतात. पण डोक्याला कोण अडवतं? कुणीच नाही. डोकं पुढेच जात राहतं आणि त्याला मागे खेचणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मान. मान इथे दोरीचं काम करते.

मोठ्या माणसाचं डोकं त्याच्या वजनाच्या साधारण ६ टक्के असतं. दीड वर्षाच्या मुलाचं डोकं अडीच किलोच्या आसपास, म्हणजे अंगाच्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त! त्याच प्रमाणात डोकं असतं तर आपली डोकी बारा-तेरा किलोची झाली असती. १६ जी ला अडीच किलोचं डोकं सुमारे ४०० न्यूटनने, म्हणजे ४० किलोने मान ओढतं. हा माझा हिशोब अगदी सौम्य धरलेला आहे. पट्ट्यांमध्ये थोडी ढील असतेच, त्यामुळे शरीर उशिरा थांबतं आणि मग जास्त जोरात थांबतं. खरा झटका याहून मोठा असतो.

आणि मान कसली, तर अजून नीट तयारही न झालेली. मोठ्यांच्या मानेचा मणका म्हणजे एक अख्खं हाड. लहान मुलांमध्ये तो मणका तीन तुकड्यांत असतो, आणि ते तुकडे मऊ कूर्चेने जोडलेले असतात. मागचे दोन भाग एकमेकांना जुळायला दोन-तीन वर्षं जातात, पुढच्या भागाशी जुळायला तीन ते सहा वर्षं. स्नायूबंध सैल, मणक्यांचे सांधे उथळ आणि आडवे. सिव्हिलवाल्यांना सांगायचं तर हे क्युरिंग पूर्ण न झालेलं काँक्रीट आहे. बाहेरून साच्यात सगळं नीट दिसतं, पण लोड द्यायचा नाही.

सगळ्यात जास्त मला हादरवलं ते एका गोष्टीने. नवजात बाळाच्या पाठीचा कणा ताण दिल्यावर जवळजवळ ५ सेंटिमीटर लांबू शकतो, पण त्याच्या आतला मज्जारज्जू ६ मिलिमीटरच्या आसपासच तुटतो. म्हणजे बाहेरची केसिंग शाबूत आणि आतली केबल गेलेली. चिमणी काही नवजात नाही, तिचा कणा त्याहून बराच पुढे गेलाय. पण सोळा महिने म्हणजे काही सहा वर्षंही नाहीत.

आता सीट फिरवा. धडक समोरून, चिमणीचं तोंड मागे. तिचं सगळं शरीर, पाठ, खांदे आणि मुख्य म्हणजे डोकं, सीटच्या पाठीत दाबलं जातं. तेच १६१० न्यूटन, एक न्यूटनही कमी झालेला नाही. (जिजूंना आधी वाटलं मी म्हणतेय की फोर्स कमी होतो. नाही!) फक्त ते आता चार बोटं रुंदीच्याही नसलेल्या पट्ट्यांवर न येता अख्ख्या पाठीवर पसरलं. आणि डोकं, मान, धड तिन्ही एकाच वेळी, एकाच वेगाने थांबले. मानेला ओढणारं कुणी उरलंच नाही. बल तेच, फक्त रस्ता बदलला. आपले सर स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सला "लोड पाथ बघा, लोड पाथ बघा" म्हणून घसा कोरडा करायचे ते हेच असावं.

ही कल्पना कुठून आली ती गोष्ट छान आहे. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन नावाचे डॉक्टर होते, पुढे ते शाल्मर्स विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांनी अमेरिकेच्या जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या सीट पाहिल्या. अंतराळवीर जोराच्या त्वरणाला पाठ देऊन, अंगाच्या आकाराच्या सीटमध्ये बसतात, म्हणजे भार सगळ्या पाठीवर पसरतो. आल्डमननी विचार केला की मुलांना हेच का नको? १९६४ साली पहिली प्रायोगिक उलटी सीट तपासली गेली. तेव्हापासून स्वीडनमध्ये मुलं चार वर्षांची होईपर्यंत उलटी बसतात आणि तिथे ते कुणाला विचित्र वाटत नाही. तिथे 'प्लस टेस्ट' नावाची एक जादा चाचणी आहे, तिच्यात मानेवर येणारा ताणच मोजतात. त्यात पास झालेल्या सगळ्या सीट उलट्या आहेत.

इथपर्यंत मी जिंकत होते. पण जिजू आयटीवाले, त्यांना आकडा हवा. "थिअरी ठीक आहे गं, पण प्रत्यक्षात किती फरक पडतो?" मी शोधलं आणि मला आकडा मिळाला. पाचपट! २००७ सालच्या एका अमेरिकन अभ्यासाचा आकडा. एक ते दोन वर्षांची मुलं उलट्या सीटमध्ये पाचपट सुरक्षित. शिवाय २०११ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने दोन वर्षांपर्यंत उलटं बसवा असा सल्ला दिला होता. मी विजयी मुद्रेने ते जिजूंना पाठवलं. त्यांनी 'ओके मॅडम, हरलो' असा मेसेज केला. सीट उलटीच राहिली.

दोन दिवसांनी ह्या लेखासाठी म्हणून मी तोच अभ्यास पुन्हा शोधला आणि कळलं की तो मागे घेतला गेलाय. चक्क रिट्रॅक्ट.

झालं होतं असं की अमेरिकेत सगळे अपघात तपासत नाहीत, निवडक तपासतात आणि प्रत्येकाला एक 'वेट' देतात, म्हणजे हा एक अपघात अशा अमुक इतक्या अपघातांचा प्रतिनिधी. समजा मी होस्टेलच्या मेसबद्दल दहा मुलींना विचारलं आणि म्हटलं की प्रत्येक मुलगी पन्नास जणींच्या वतीने बोलतेय. ठीक आहे. पण मग मी "पाचशे मुलींना विचारलं" असं लिहिलं तर? तसंच झालं. वेट्स चुकीच्या पद्धतीने वापरल्यामुळे सॅम्पल होतं त्यापेक्षा खूप मोठं दिसलं, आणि फरक होता त्यापेक्षा खूप पक्का दिसला. नंतर, २०१८ साली, २०१५ पर्यंतची माहिती घेऊन नव्याने हिशोब मांडला गेला. तेव्हा दिसलं ते असं की दोन वर्षांखालच्या मुलांना, कुठल्याही सीटमध्ये नीट बांधलेलं असेल तर, गंभीर दुखापती मुळातच फार थोड्या होतात. उलट्या सीटमध्ये त्या थोड्या कमी दिसल्या, पण इतक्या कमी संख्येवर फरक ठामपणे सिद्ध होत नाही.

माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. आता सांगायचं की नाही? सीट तर उलटीच आहे, जिजू मानलेत, कशाला उगाच? रूममेट म्हणाली, "गप्प बस, पोरीच्या भल्याचंच आहे ना." एक पूर्ण संध्याकाळ मी गप्प बसलेही. पण मग वाटलं, उद्या जिजूंनाच ते सापडलं तर माझं बाकीचं खरं म्हणणंही ते खोटं धरतील, आणि मग सीट फिरेल ती फिरेलच. शेवटी फोन केला.

ते आधी हसले. मग विचारलं, "मग आता काय उरलं तुझ्याकडे?"

चांगला प्रश्न होता. उरलं ते असं. पाचपट गेलं. पण डोकं अडीच किलोचं आहे ते आहेच, मणका तीन तुकड्यांत आहे तो आहेच, आणि सुलट्या सीटमध्ये डोक्याला मागे खेचणारी फक्त मानच आहे. हे कुठल्या सर्व्हेवर अवलंबून नाही. त्या अकादमीनेसुद्धा २०१८ मध्ये 'दोन वर्षं' हा आकडा काढून टाकला, पण सल्ला उलटा केला नाही. उलट तो वाढवला, की सीटची वजनाची आणि उंचीची मर्यादा येईपर्यंत जितके दिवस जमेल तितके दिवस उलटं बसवा. युरोपच्या २०१३ पासूनच्या आर-१२९ नियमात तर पंधरा महिने पूर्ण होईपर्यंत सुलटं बसवायला मनाईच आहे. आणि मी जिजूंना हेही सांगितलं, कारण ते खरं आहे, की मांडीपासून सुलट्या सीटपर्यंतची उडी प्रचंड मोठी आहे, सुलटीपासून उलटीपर्यंतची त्या मानाने लहान. कुणी सुलट्या सीटमध्ये मूल नीट बांधून नेत असेल तर त्याला गुन्हेगार ठरवायचं कारण नाही. पण आपल्याकडे सीट आहे, ती १३ किलोपर्यंत उलटी चालते, जास्तीचा खर्च शून्य रुपये. मग ती लहान उडी सोडायची कशासाठी?

"पायासाठी," जिजू म्हणाले. ते पायावर अडूनच होते. तर पायांचं सांगते. मुलं मांडी घालून, पाय वर करून, बेडकासारखी कशीही आरामात बसतात. आपल्याला जे अवघडलेलं दिसतं ते त्यांना तसं नसतं. आणि पायाला दुखापत प्रत्यक्षात सुलट्या सीटमध्ये होते, कारण झटक्याने पाय पुढे जाऊन समोरच्या सीटवर आपटतात. शिवाय पाय मोडला तर प्लास्टर असतं. मानेला नसतं.

मागून कुणी धडकलं तर? हा प्रश्न मला सगळ्यात हुशार वाटला, कारण तेव्हा उलटी सीट सुलटीसारखी वागणार. पण मागून धडकणारी गाडी बहुतेक वेळा आपल्याच दिशेने जात असते, त्यामुळे वेगातला फरक कमी असतो. म्हणूनच युरोपच्या चाचणीत समोरची धडक ५० च्या वेगाने घेतात आणि मागची ३० च्या. बाजूने धडक बसली तर? तिथेही ड्रायव्हर आधी ब्रेक मारतोच. ब्रेकने सुलट्या मुलाचं डोकं सीटच्या कानांमधून बाहेर, पुढे येतं. उलट्याचं आत दाबलं जातं.

एक गोष्ट मात्र काळ्या दगडावरची रेघ समजा. पुढच्या सीटवर, चालू एअरबॅगच्या समोर, उलटी सीट कधीही, कधीही लावायची नाही. एअरबॅग फुगते ती थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे पलीकडे टेकलेल्या बाळाच्या डोक्यावर. उलटी सीट मागेच लावायची.

बसवताना आम्हीच दोन चुका पकडल्या. सीट तिच्या पट्ट्याच्या जागी धरून हलवली तर ती इंचभरापेक्षा जास्त हलायला नको. आमची चांगली चार बोटं हलत होती. म्हणजे इतका वाद घातला ती सीट सहा महिने सैलच होती! दुसरी चूक खांद्याच्या पट्ट्यांची. उलट्या सीटमध्ये त्या खांद्याच्या बरोबरीच्या किंवा खालच्या खाचेतून यायला हव्यात, सुलट्या सीटमध्ये बरोबरीच्या किंवा वरच्या. चिमणीच्या वरून येत होत्या. ताई म्हणाली, "तुम्ही दोघं पाचपट-पाचपट करत बसलात, हे कुणी बघायचं?" तिचं बरोबर होतं.

सुलटी करायची वेळही येणारच. वजन १३ किलोच्या पुढे गेलं, किंवा डोक्याचा वरचा भाग सीटच्या वरच्या कडेपासून इंचभर अंतरावर आला, की उलट्या सीटची मर्यादा संपली. मग पाच पट्ट्यांसकट सुलटी, आणि सीटच्या वरच्या बाजूचा टेदर पट्टा असेल तर तो गाडीच्या हुकाला अडकवायचाच. त्याने डोकं पुढे जायचं अंतर कमी होतं. बरेच लोक तो पट्टा सीटमागे लोंबकळत ठेवतात.

आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झालं. ताशी ६४ किलोमीटरने गाडी आदळतात आणि मागे दीड वर्षाचा आणि तीन वर्षांचा असे दोन डमी बसवतात. लहान मुलांसाठी वेगळे ४९ गुण आहेत. गाडी घेताना आपण सनरूफ बघतो, हे गुण कुणी विचारत नाही. अर्थात आपल्या रस्त्यांवर बहुतेक मुलं गाडीत नसतातच, ती स्कूटरवर आई-बाबांच्या मधे सँडविच होऊन जातात. त्यांच्यासाठीही फेब्रुवारी २०२३ पासून नियम आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हार्नेस, हेल्मेट आणि वेग ४० च्या आत. कोथरूडपासून कॉलेजपर्यंत रोज येते मी, अजून एकही हार्नेस पाहिला नाही. त्यावर कुणीतरी पुढच्या अंकात लिहा.

कोल्हापूरला आम्ही गेलो. खंबाटकीत चिमणीला काही झालं नाही, मलाच गरगरलं आणि आजीने पाठवायला लावलेला आल्याचा रस मी प्यायले. चिमणी मागच्या काचेतून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला टाटा करत होती. दोन ड्रायव्हरनी हॉर्न वाजवून उत्तरही दिलं. कऱ्हाडच्या पुढे ती झोपली, डोकं सीटच्या कानात टेकवून.

कालच ताईचा मेसेज आला. वजन अकरा किलो दोनशे. जिजूंनी बेडरूमच्या दारावर पेन्सिलने दोन रेघा मारल्यात, एक तिच्या आत्ताच्या उंचीची आणि एक ज्या उंचीला सीट फिरवायची तिची. दोन रेघांमधे अजून माझी वीत बसते.